टेकू कुठाय?

"टेकू कुठाय?"

पाठीमागून हा प्रश्न आला की आमचे हात जागच्या जागी थांबायचे. वळून पाहावं तर बाई करंगळीशेजारचं बोट हवेत धरून उभ्या. दातावर हत्यार चालवताना हे बोट शेजारच्या दातावर टेकलेलंच पाहिजे, नाहीतर हात घसरतो आणि हिरडी फाटते. दंतस्वच्छतेच्या आमच्या अभ्यासक्रमात पहिले तीन महिने बाईंनी एवढंच शिकवलं.

कॉलेजात डॉक्टर होणाऱ्यांना पंखे, आम्हाला तळमजल्यावरची कोंदट खोली. हा अन्याय होता, मी तो ऑफिसात लिहून दिला होता. पण त्या खोलीच्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात. खिडकीतून खाडीवरचा उजेड हलत आत यायचा. प्लॅस्टरमध्ये रोवलेल्या दातांवर बाई लाल नेलपॉलिश लावून ठेवायच्या. तेच आमचं कीटण. आम्ही ते खरवडायचो, टेबलावर लाल भुकटी साचायची, कुणीतरी पेंगायचं.

"झोपा," बाई म्हणायच्या, "पण बोट टेकवून झोपा."

मी पेंगत नसे. मी पत्रकं लिहायचे. 'मशेरी म्हणजे मरण!' हे माझंच. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड आसपासच्या गावांतल्या बायका रोज दातांना लावतात, आणि कुणाला काही वाटत नाही! मला वाटायचं. फार वाटायचं.

एकदा तपासणी शिबिरात मिठागरांकडच्या गावातली एक आजी आली. मला फक्त आरसा धरायची परवानगी होती. तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला आणि मी सगळ्यांसमोर ओरडलेच, "आजी, अजून मशेरी लावलीत तर कॅन्सरनं मराल!" वर हातात पत्रक कोंबलं.

तिनं तोंड मिटलं. "मशेरी लावतंय, चोरी नाय करत," म्हणाली आणि उठून गेली.

त्या चट्ट्याचा तुकडा तपासायला हवा होता. आजी तो तसाच घेऊन गेली.

बाईंनी मला विचारलं, "टेकू कुठाय?"

"बाई, माझ्या हातात हत्यार नव्हतं."

"जिभेचा विचारतेय."

रविवारी त्या मला घेऊन आजीच्या गावात गेल्या. आजी अंगणात सुकट निवडत होती. बाई शेजारी बसल्या आणि स्वतःही निवडू लागल्या. तासभर सुकटीचं बोलणं, मग मशेरी किती भाजायची, तवा कुठला, हे. मी आतल्या आत धुमसत होते. आपण प्रचाराला आलोय की पाककृती घ्यायला? तेवढ्यात आजीनं कमरेची मशेरीची पुडी काढली. पुडी माझ्याच पत्रकाची होती. 'मरण' बरोबर वर आलं होतं.

"कागद चांगला हाय गो तुजा," आजी मला म्हणाली. "फाटत नाय."

बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "मावशी, तुमचं तोंड तुम्हीच बघा एकदा. आम्ही काय सांगायचं?"

आजीनं घरातला आरसा आणून धरला. बाईंनी पिशवीतून दातांचा छोटा आरसा काढला. तेव्हा मी पाहिलं. हवेत बाईंचा हात थरथरत होता. चांगलाच. मग ते बोट आजीच्या खालच्या दातावर टेकलं आणि हात शांत झाला, भरती संपल्यावर पाणी होतं तसा.

आजीनं घरचा आरसा आणखी जवळ ओढला.

"आगं बाय," ती हळूच म्हणाली, "माज्या तोंडान मीठ पिकलंय."

सोमवारी ती स्वतःहून आली. तुकडा तपासला, अजून वेळ होता. चट्टा काढला. मशेरी सुटली, पण एकदम नाही, मला शिव्या घालत घालत.

पुढच्या वर्षी बाई आल्याच नाहीत. निरोप समारंभ नाही, काही नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणे, "तब्येत." त्या कुठल्या, घरी कोण, आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढे हात घडवणाऱ्या बाईचा पत्ता ठेवावासा कुणाला वाटू नये? मी भांडले. टेबलावर मूठ आपटून भांडले. पत्ता मिळाला नाही.

आजी अजून दर सहा महिन्यांनी माझ्याकडे तपासणीला येते. परवा खुर्चीत बसली, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"तुज्या बायंचा हात बरा हाय का आता?"

म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. मी सांगितलं, पत्ताच मिळाला नाही. तिनं तोंड उघडलं. मी आरसा उचलला, आणि आधी बोट टेकवलं.