पार्सल न देणारी काकू

काकू पार्सल देत नसे. भंडाऱ्यातल्या कचेऱ्यांच्या चौकात चहा-नाश्ता टेबलावर पोहोचल्याशिवाय फाइल जागची हलत नाही, आणि त्या चौकात हिचा हा नियम! "खायाचं असन तं बाकावर बसा. माहा रस्सा पन्नीत जात नाही," एवढंच सांगून ती कढईकडे वळायची.

या चौकात खाण्यासारखी ठिकाणं होती तीन. पर्यटनाच्या चकचकीत पुस्तिकेत ती सापडणार नाहीत, म्हणून मी सांगतो. पिंपळाखाली चना-पोह्यांचा ठेला. पोहे फक्कड, पण तर्री दुसऱ्यांदा मागितली की मालकाला कमी ऐकू यायचं. झेरॉक्सच्या दुकानाला लागून भोजनालय. वरण पातळ, पण भात इथल्या धानाचा, आणि भातासाठी आमच्याकडे माणूस पुष्कळ अन्याय सहन करतो. तिसरी कोपऱ्यावरची काकूची टपरी. आलुबोंडा कुस्करून त्यावर लालभडक रस्सा आणि वरून सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. टपरीपुढे एकच लांब बाक.

संविधानातली समता मी पहिल्यांदा त्या बाकावर पाहिली. समोर धरणं धरून ज्या साहेबाच्या नावानं आम्ही सकाळभर मुर्दाबाद करायचो, तोच दुपारी आमच्या मांडीला मांडी लावून बोंडा खायचा. "सरका गा थोडे, सायबाले जागा द्या. घोषना मंग देजा," काकू म्हणायची. आम्ही सरकायचो. दुपारनंतर आमच्या घोषणा जरा मवाळ व्हायच्या, त्याचं कारण एवढंच.

उपोषणाला बसलेल्याला मात्र ती दाणा देत नसे. बाकीचे ठेलेवाले मांडवाच्या पडद्यामागून पुड्या सरकवायचे, हे चौकातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. आमच्या संघटनेचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, गावच्या पुलासाठी आमरण उपोषणाला बसले आणि दुसऱ्या दुपारी टपरीच्या मागच्या अंगाला प्रकटले.

"काहून भाऊ, पूल झाला काय?" काकूनं खणखणीत आवाजात विचारलं.

"हळू बोल न काकू!"

"मी कायले हळू बोलू? तुमीच तं भोंग्यावर सांगतलं, का अन्नाचा दाना घेत नाही म्हून. आता भोंग्यावरच सांगा का भूक लागली, आन् खुशाल बाकावर येऊन बसा."

बंदोबस्ताचे पोलीस तोंड दाबून हसले. भाऊ मांडवात परतले. त्या खेपेला आमचं उपोषण नाइलाजानं खरं झालं आणि पूल मंजूर झाला. श्रेय भाऊंनी संघटनेच्या एकजुटीला दिलं.

मग चौकाचं सौंदर्यीकरण निघालं. कारंजं होणार, सेल्फी पॉइंट होणार, म्हणून टपऱ्या उठणार. नोटिशीवर ज्याची सही होती तो साहेब बाकावर येईनासा झाला. लाज वाटली असावी. माणसाविषयी चांगलंच धरून चालावं. पण जिभेला कुठली लाज? त्यानं शिपायाच्या हाती स्टीलचा डबा पाठवला.

"काकू, सायबाचा डबा भरून दे. तुह्या टपरीचं पाहून घेऊ म्हनतेत."

तडजोडीविरुद्ध पत्रकं लिहिणारा मी बाकावरच होतो. मीच कुजबुजलो, "दे न काकू. टपरी वाचते."

"टपरी त्यानं माही उचलाची, आन् बोंडा मी त्याच्या टेबलावर धाडाचा? येऊ दे न इथं. मी काई मानसं खात नाही." मग शिपायाला म्हणाली, "तू बस बाबू, तू खाऊन जा." शिपाई बसला, पोटभर खाल्लं आणि रिकामा डबा घेऊन गेला.

टपरी उठली. आम्ही जळजळीत पत्रक काढलं. 'विकासाच्या बुलडोझरखाली चिरडलेला श्रमिकांचा हुंकार' वगैरे. तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बम चांगलं हाय. पन याच्यात रस्स्याचं नाव कुठीच नाही. लोकाईले समजन कसं, का त्याईचं काय गेलं?"

चौकात आता कारंजं आहे, पाणी नाही. साहेब काचा वर करून गाडीतून जातात; आमच्या घोषणा त्यांना ऐकू येत नाहीत आणि आम्हाला रस्स्यानं फुटलेला त्यांचा घाम दिसत नाही. काकू बहिणीकडे मोहाडीला गेली. आठवडी बाजारात बसते. बाक सोबत नेला.

परवा बाजाराच्या दिवशी मी गेलो, तर बाकावर साहेब! रस्सा तिसऱ्यांदा मागून घेत होते. खाणं झालं, रुमालानं ओठ टिपले, सभोवार नजर फिरवली आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "इथंही फार अतिक्रमण झालंय. काहीतरी नियोजन करायला हवं."

जीप गेली. माझी कानशिलं तापली. "ऐकलं काय काकू?"

काकूनं पुढचा घाणा तेलात सोडला.

"ऐकलं गा. तुमसरचा बाजार कोन्या दिवशी असते, तेवढं पाहून ठेवजो."