वहीत राहिलेली पत्रिका

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. माझ्या वह्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना खरंही वाटायचं नाही — वाणसामानाची यादी, आहेराची यादी, सगळं जिथल्या तिथे. मी काही विसरत नाही, असं घरात सगळे म्हणतात.

दुष्काळाचा उन्हाळा होता. सोलापुरात अंघोळीला माणशी अर्धी बादली. त्या दिवसांत अंगाला वास कोणाच्या नव्हता? धाकट्या बहिणीच्या, सुशीच्या काखेला जरा जास्त यायचा — एवढंच. तिच्या स्थळांचं मी बघायची. नातेपुत्याची मंडळी तिला पाहून गेली आणि त्यांनी पत्रिका मागितली. पसंतीच होती ती. मी पत्रिका वहीत घातली आणि — पोस्टात टाकायची राहिली. महिन्याने कळलं, मुलाचं दुसरीकडे जमलं.

"काय म्हणाले गं?" आईने विचारलं.

"वासाचं बोलले."

का बोलले मी तसं? चूक झाली म्हणायला किती वेळ लागला असता? सुशी दारातच उभी होती.

तेव्हापासून ती दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून वावरायला लागली. तुरटी झाली, लिंबू झालं, पावडर झाली. शेवटी मीच तिला सात रस्त्याजवळच्या एका सर्जनकडे नेलं. त्यांनी सरळ सांगितलं — काखेतली कातडी ग्रंथींसकट कापून टाके घालता येतील, पण हात आखडू शकतो. किंवा लहान छेद देऊन ग्रंथी आतून खरवडायच्या. ते त्यांनी कधी केलेलं नव्हतं, मुंबई गाठावी लागेल. तुरटीवर भागत असेल तर काहीच करू नका. मी तिन्ही गोष्टी आकडे घालून लिहून घेतल्या. त्याच वहीत, चार पानं मागे, तिची पत्रिका होती.

"ताई, कापूनच टाकू दे की," सुशी म्हणाली. "परत कुणी नाक धरायला नको."

निदान तेव्हा तरी खरं सांगायचं? — नाही. मी पेन बंद केलं आणि डॉक्टरांना तारीख विचारली.

टाके पिकले. वास गेला. उजवा हात खांद्याच्या वर जाईना — आज सहा वर्षं झाली, अजूनही जात नाही. लग्न झालं नाही. आता ती माझ्याकडेच असते. सकाळी तिची वेणी मी घालते. झाली की म्हणते, "तू होतीस म्हणून, ताई."

नातेपुत्याला ती नापसंत झालीच नव्हती. हे तिला अजून माहीत नाही.