हलगी उलटी धर

"हलगी उलटी धर."

वाढपी बापाला म्हणाला. मी सात वर्षांचा होतो. मालकाच्या घरचं लग्न. बाप सकाळपासून वरातीपुढं वाजवत होता, बोटांना फोड आलेले. हलगीला एका बाजूनं कातडं असतं, दुसरी बाजू मोकळी. उलटी धरली की ताट होतं. पंगती उठल्यावर पानांत उरलेला भात आणि बुंदी वाढप्यानं वरून त्यात टाकली. हात लागू नये म्हणून वीतभर लांबून.

बापानं ते घरी आणलं. आई, मी, दोन बहिणी, हलगीभोवती बसून जेवलो. भुका लागल्या होत्या. भाताला कातड्याचा वास होता. तो अजून माझ्या नाकात आहे.

मी बारावी पास झालो त्या दिवशी बापानं हलगीचं कातडं कोयत्यानं फाडलं. म्हणाला, "आता तुझ्या हातात ही नको."

आमच्या घरात पहिला पदवीधर मी. इंजिनिअर. कुणाच्या शिफारशीवर नाही, स्वतःच्या मार्कांवर. पण कॉलेजातच मी आडनाव बदललं. गावाच्या नावाला 'कर' लावलं, गॅझेट केलं. बापाला सांगितलं. तो उठून बाहेर गेला.

आता मी कॅनबेरात, गुंगालिनला राहतो. एका सरकारी खात्यात आयटीचं कंत्राटी काम. टीमचा लीड मंदार, पुण्याचा. माझं कंत्राट वाढवायचं की नाही, यावर शेरा त्याचा. चार वर्षं तो टोकरत होता. "मूळचे कुठले रे तुम्ही? कुलदैवत कुठलं? बायको कुणाकडची?" मी हसायचो आणि कॉफी आणायला उठायचो. माझ्या मुलीला मी सांगितलं होतं, आजोबा शेतकरी होते. शेत कुठलं? गुंठाभर जमीन नव्हती.

गेल्या जुलैत ऑफिसची थंडीतली ख्रिसमस पार्टी झाली. इकडं डिसेंबरात उन्हाळा असतो, म्हणून बरेच जण जुलैत पुन्हा साजरी करतात. शुक्रवारी दुपारी, एका कम्युनिटी हॉलमध्ये, घरच्यांना घेऊन. आमच्या टेस्टिंगमधली नोई थायलंडची. तिनं तिच्या लोकांचा लोकनृत्याचा ताफा आणला होता. रेशमी लुंग्यांमधल्या बायका, झांजा, बासरी, आणि कमरेइतका उंच लांब ढोल. तो वाजवणारा म्हातारा नोईचा काका. ती त्याला 'लुंग' म्हणायची.

गोल धरून नाच सुरू झाला. आमची डायरेक्टर शॅरन बूट काढून गोलात शिरली. थाई बायका तिला मनगट कसं फिरवायचं ते दाखवत होत्या. माझी दहा वर्षांची मुलगी त्यांच्यात कधी मिसळली, कळलंच नाही.

पण ढोल बसका वाजत होता. थंडीनं कातडं ढिलं पडलेलं. लुंगनं मधोमध भात आणि राखेचा लेप थापला, खरवडला, पुन्हा थापला. आवाज लागेना.

माझे हात आधी उठले. डोकं मागून आलं. मी लुंगला खुणेनं विचारलं, ढोल उचलला, व्हरांड्यातल्या गॅसच्या शेगडीपाशी नेला. कातडं आचेला धरून फिरवत राहिलो. अंगठ्यानं टिचकी, कान जवळ, पुन्हा आच. बाप पाचटाच्या जाळावर हलगी अशीच शेकायचा. लुंगनं हात लावून बघितलं, हसला, लेप थापला. ढोल कडकडून बोलला.

त्यानं तो माझ्याच गळ्यात अडकवला. मी वाजवला. हॉल पुन्हा फिरायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसांसमोर वाजवत होतो. मला फार बरं वाटत होतं.

मंदार समोर येऊन उभा राहिला. बघत होता. मग मोठ्यानं म्हणाला, "अरे वा! शेकता पण येतं? आमच्या गावाला जत्रेत ती माणसं अशीच शेकायची. म्हणजे तू त्यांच्यातला होय! आणि आडनाव काय झकास लावलंयस!"

माझे हात थांबले.

तो शॅरनकडं वळला. "इट्स इन हिज ब्लड. हिज कास्ट, दे ड्रम फॉर अस."

शॅरनला काय कळणार. "हाउ लव्हली!" म्हणाली.

मंदारनं आपल्या ताटलीतला अर्धा खाल्लेला स्प्रिंग रोल उचलला आणि ढोलाच्या कातड्यावर ठेवला.

"थांबलास का? वाजव रे! ही घे बिदागी."

आजूबाजूचे दोन मराठी हसले.

"बाबा, व्हॉट्स बिदागी?" मुलगी बाजूला येऊन उभी होती.

कातड्यावर तेलाचा डाग पसरत होता. मला दुसरं कातडं दिसलं. वर भात.

"मंदार, हा रोल उचल."

"गंमत केली यार. सेन्स ऑफ ह्यूमर कुठं गेला?"

"उचल."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. उचलला.

"माझा बाप हलगी वाजवायचा," मी म्हणालो. "लोक त्याला उलट्या हलगीत उष्टं वाढायचे. आम्ही मातंग. चार वर्षं तुला हेच विचारायचं होतं ना? सरळ विचारायचं होतंस."

मग तेच शॅरनला इंग्रजीत सांगितलं. सावकाश. माझी मुलगी ऐकत होती. मध्ये थांबलो नाही. नाच थांबला होता. लुंगनं खिशातून रुमाल काढला आणि कातडं पुसलं.

गाडीत मुलीनं विचारलं, "सो आजोबा वॉझन्ट अ फार्मर?"

"नव्हते," मी म्हणालो. "मी खोटं बोललो होतो." घरी पोचेपर्यंत ती खिडकीकडं तोंड फिरवून बसली. बरोबरच होतं तिचं.

सोमवारी लेखी तक्रार केली. जात म्हणजे काय, हे एचआरला समजावण्यातच दोन मीटिंगा गेल्या. "इज इट लाइक अ सरनेम थिंग?" एकीनं विचारलं. मराठी मित्र म्हणाले, "सोड रे, परदेशात आपण सगळे एकच." एकच होतो, तर हसले का, ते कुणी सांगितलं नाही. मी तक्रार मागं घेतली नाही. घेणार नव्हतोच.

मंदारला लेखी ताकीद मिळाली. माझ्यावर शेरा लिहायचं काम त्याच्याकडून काढलं. माझं कंत्राट वाढलं, दुसऱ्या माणसाच्या सहीनं. कागदोपत्री आडनाव मी परत मूळचं करून घेतलं, माझं आणि मुलीचं. बापाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "नीट लिहिलंय ना? स्पेलिंग बघ."

ऑफिसचा नवा पास गळ्यात घालून लिफ्टमध्ये शिरलो, तर आत मंदार. तो पासवर नाव बघायला लागला. पास उलटा पडला होता. मी तो सरळ केला, नाव त्याच्याकडं.