सुरगाण्याचं पहिलं पान

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर काकांविषयी लिहिता लिहिता मी पुन्हा काहीतरी कारण शोधीन आणि मोकळा होईन.

"छापून आलं म्हणजे झालं," असं ते म्हणायचे. सुरगाण्याच्या अलीकडच्या एका फाट्यावर ते आमच्या वर्तमानपत्राचे एजंट होते, वार्ताहरही होते; सगळे त्यांना काकाच म्हणत. मी नाशिकच्या कार्यालयात डाक आवृत्तीची पानं बघायचो. डाक आवृत्ती म्हणजे लांबच्या तालुक्यांसाठी आधी छापली जाणारी. गाडीला घाट चढायचा असतो, म्हणून तिचं पान संध्याकाळी साडेसातला छपाईला सोडावं लागतं. शहराचं पान बऱ्याच उशिरापर्यंत बदलता येतं. तुम्ही शहरात राहत असाल, तर हा फरक तुमच्या कधी लक्षातही आला नसेल.

सकाळी गठ्ठा उतरला की ते बातमी वाचत नसत. आधी वरच्या कोपऱ्यात 'सुरगाणा-पेठ' एवढी बारीक अक्षरं असत, त्यांवर बोट ठेवत. मग पान मांडीवर घेऊन कोपरानं सपाट करत. महत्त्वाच्या दिवसांची पहिली पानं त्यांनी गादीखाली जपली होती. "तिथं सुरकुती पडत नाय," म्हणायचे, "आणि माझी पाठबी शहाणी होतीय."

एकदा त्यांच्याकडचा रस्ता पूर्ण झाल्याची बातमी आम्ही सरकारी पत्रकावरून छापली. दुपारी त्यांचा फोन.

"साहेब, बातमी झकास आली. पण रस्त्यानं अजून पेपर वाचला नाय वाटतं."

हसू आवरून मी दुरुस्ती छापली. तो माणूस कधी रागावून बोलला असं मला आठवत नाही. म्हणूनच पुढचं जास्त अवघड गेलं.

२०२२च्या जुलैत देशाच्या राष्ट्रपतिपदी पहिल्यांदाच एक आदिवासी महिला निवडून येणार, हे जवळपास ठरलेलं होतं. मतमोजणीच्या दिवशी त्यांनी सकाळपासून चार फोन केले. फाट्याच्या आसपासच्या प्रत्येक घरानं एकेक अंक सांगून ठेवला होता. वाचायला नाही, भिंतीवर लावायला.

"बायका म्हणत्यात, आपल्यातली बाई तिथवर गेली, तर फोटो घरात पायजे. साहेब, आमच्या पेपरात येईल ना? का आमचं पान आधीच सुटंल?"

"काका, पहिलं पान तुमचंच. थोडं थांबवतो," मी म्हणालो.

सव्वासातला मतमोजणी चालूच होती. निकाल स्पष्ट दिसत होता. अर्धा-पाऊण तास थांबलो असतो तरी पुरलं असतं. पान उशिरा सोडल्याबद्दल आदल्याच आठवड्यात मला मेमो मिळाला होता, त्याची धास्ती होती. पण खरं कारण ते नाही. खरं कारण लिहायला मला आजही लाज वाटते. मला वाटलं, तिकडे कोण एवढं बघतंय? मी मुंबईतल्या सत्तेच्या भांडणाची बातमी वर घेतली, 'मतमोजणी सुरू' एवढं खाली एका कॉलमात टाकलं आणि पान सोडलं. नंतर शहराच्या पानावर मीच आठ कॉलमी मथळा आणि मोठा फोटो लावला. छान दिसत होतं पान. लोकांनी कौतुकही केलं.

ज्यांची ती बातमी होती, तेवढ्यांनाच ती मिळाली नाही.

सकाळी त्यांचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता. ते इतकंच म्हणाले, "साहेब, नाय आली."

आणि मी म्हणालो, "काका, तुमच्या वेळेलाच मशीन बंद पडलं."

"असं व्हय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "मग तुमचा काय इलाज? सांगतो मी सगळ्यांना."

तिसऱ्या दिवशी मी निकालाच्या त्याच शहर आवृत्तीचा एक गठ्ठा पाठवला. तो त्यांनी त्याच गाडीनं परत केला. फोनवर म्हणाले, "वर 'नाशिक शहर' छापलंय, साहेब. दुसऱ्याच्या घरचा फोटो आपल्या भिंतीला कसा लावायचा?"

पण तेवढ्यात लोकांनी तो गठ्ठा पाहिला होता.

महिन्या-दोन महिन्यांनी ते कार्यालयात आले. नेहमीसारखे नागलीचे पापड घेऊन. माझ्या टेबलापाशी बसून त्यांनी हळूच विचारलं, "आता बरं हाय का मशीन?" घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी तसं. मी चहा मागवला. पुढच्या प्रत्येक खेपेला मी ठरवायचो, आज सांगायचं. आणि प्रत्येक खेपेला चहाच मागवायचो. घरी पापड तळले की मी जेवणावरून उठायचो. बायकोला वाटायचं, मला पित्त झालंय.

मग त्यांचं येणं थांबलं. मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं की मी तो वाजू द्यायचो. एके दिवशी दुपारी उचलला.

"साहेब, एक काम होतं. दोन ओळी लिहून द्या. पेपरच्या कागदावर, शिक्का मारून. त्या दिवशी मशीन बंद होतं म्हणून."

"आता कशाला, काका?"

"लोकं इचारत्यात, मशीन बंद होतं तर नाशिकचा गठ्ठा कशानं छापला? म्हणत्यात, म्हाताऱ्यानं आपले फोटोचे अंक बाहेर इकले. पोरं फाट्यावर हाका मारत्यात, 'काका, तुमच्या पेपरात कोन झालं राष्ट्रपती?' निम्म्या घरांनी पेपर बंद केला. पेपरचं जाऊ द्या. पर मला खोटं म्हणत्यात, साहेब. तुमचा कागद फाट्यावर लावला का मिटंल."

मी कागद घेतला. तारीख घातली. 'तांत्रिक बिघाडामुळे' इथपर्यंत लिहिलं. हा माणूस माझं खोटं स्वतःच्या नावावर घेऊन महिनोन् महिने उभा होता, आणि आता मी त्यावर शिक्का मारून देणार होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पेपरच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलो. वणी मागे पडल्यावर धुकं लागलं. गाडी परत फिरवायला सांगावी, असं दोनदा वाटलं.

फाट्यावर पाच-सात माणसं होती. मला पाहून काका लगबगीनं पुढे आले. "साहेब, तुम्ही सोता? कागद आणला?"

"नाही आणला, काका. मशीन बंद नव्हतं. पान मी थांबवलं नाही. तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खाली बसून गठ्ठ्याची सुतळी सोडू लागले. गाठ सुटेना. बराच वेळ ते तिच्याशीच झटत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "मला कशाला सांगता? माझा इस्वास होताच. त्यांना सांगा."

टपरीपाशी उभी असलेली माणसं आमच्याकडेच बघत होती. त्यांत पाटी घेतलेल्या दोन बायका होत्या. मी त्यांच्यासमोर गेलो. पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

"तुमच्या राष्ट्रपतींची बातमी माझ्यामुळे आली नाही. मशीन चालू होतं. काकांनी तुमचा एकही अंक विकला नाही. खोटं मी बोललो, आणि ते यांना भोगावं लागलं. तुम्ही लोक एवढं बघत असाल, असं मला वाटलंच नव्हतं. माझं चुकलं. मला माफ करा."