बसायला आलेली माणसं

पुण्याहून निघताना गाडीत दोन लॅपटॉप, कॅमेरा, नवऱ्याचं सोयाच्या दुधाचं खोकं आणि आम्ही दोघं होतो. परत आल्यावर वकिलाकडे जायचं ठरलं होतं. दोघांच्या संमतीनं, भांडणतंटा न करता, "सभ्यपणे", असं तो म्हणायचा. त्या शब्दाची मला अशी चीड यायची की काय सांगू! अरे, एखादं ताट तरी आपट. पण त्याला कधी आवाज चढवता आला नाही, आणि मला कधी खाली आणता आला नाही.

मग ही सहल कशाला, असं कुणीही विचारेल. काम आधीच घेऊन बसलो होतो ना! प्रवासाच्या एका ॲपसाठी रस्त्यावरची अशी ठिकाणं शोधायची होती, जिथे दूध-दही-तूप न खाणाऱ्याला पोटभर जेवता येईल. फोटो तो काढणार, चाखून मी लिहिणार. शिवाय त्याचं नेहमीचं ऑफिस गाडीत, ढाब्यावर, रेंज मिळेल तिथे चालूच. जिल्हा मी सुचवला, बुलढाणा, माझ्या माहेरचा. ॲपवाल्यांना म्हटलं, आमच्याकडे व्हीगन हा शब्द कुणी ऐकलेला नाही, पण रोजच्या ताटात बरंचसं तेच असतं.

खरं कारण वेगळंच होतं. संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी माझ्या आईचं घर आहे, आणि त्या घरात हा माणूस बदलतो. पुण्यात मोजून मापून बोलणारा तिकडे गेला की गच्चीवर पथारी टाकायचा, मोडकीतोडकी वऱ्हाडी बोलून बायकांना हसवायचा. मला वाटत होतं, आईच्या ओसरीवर दोन-चार दिवस बसला की त्याचं मन फिरेल. माझ्याकडे दुसरा उपायच उरला नव्हता. दूध-तूप त्याच्यासाठी मी सोडलं होतं, मी, म्हशीच्या धारेखाली पेला धरून वाढलेली! आणखी काय सोडायचं होतं?

पहिला थांबा मेहकरचा. बसस्टँडच्या अलीकडे एक खानावळ आहे. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, ठेचा, त्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल. आम्ही तूप नको म्हणालो, ताक नको म्हणालो, तसा मालक जवळ येऊन उभा राहिला.

"काऊन? डॉक्टरनं बंद केलं काय?"

मी "हाव" म्हणून मोकळी झाले असते. पण नवऱ्याला राहवेना. जनावरांचे हाल, वासराच्या तोंडचं दूध, सगळं त्यानं शांतपणे समजावून सांगितलं. मालकानं मान डोलावत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अन् म्हशीले इचारलं काय तुमी?"

मला एवढं हसू आलं की ठेचा नाकात गेला. तोही हसला, पण पाहुण्यासारखा. एके काळी असल्या एका वाक्यावर आम्ही आठवडाभर हसलो असतो. त्यानं भाकरीचे चारी बाजूंनी फोटो काढले. मी विचारलं, "कसं होतं जेवण?" तो म्हणाला, "छान. तुला?" मी म्हटलं, "छान." आणि पुढच्या रस्त्याला लागलो.

शेगावला कचोरी घेतली. मैद्यात मोहन तेलाचं की तुपाचं, हे त्यानं दुकानदाराला दोनदा विचारलं. दुकानदार वैतागून म्हणाला, "तेल हाये हो साहेब, तूप कोनाले परवडते?" आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. देवळाकडे जाणारी माणसं समोरून चालली होती. मला तिथेच विचारायची काय बुद्धी झाली कोण जाणे.

"मी काय केलं, ते तरी सांग."

"तू काही केलं नाहीस."

"मग?"

तो कचोरीकडे बघत म्हणाला, "मला आता काही वाटत नाही गं. चांगलंही नाही, वाईटही नाही. मी खूप प्रयत्न केला."

"वाटत नाही म्हणजे काय? दगड आहेस का तू?" मी अशी ओरडले की चार माणसं वळून बघायला लागली. त्यानं माझ्यापुढे कागदी रुमाल धरला. माझा इतका संताप झाला की मी माझी कचोरी खाल्ली, त्याचीही खाल्ली, आणि गाडीत बसून ॲपसाठी लिहिलं, कचोरी तेलातली आहे, चालेल. मग माहेर येईपर्यंत मीच एकटी बडबडत होते. कापूस कसा वेचतात, संत्र्याचे बगीचे कुणाचे, शाळा कुठली. तो "हं" म्हणत गाडी चालवत होता.

आईला फोनवर सगळं बजावलं होतं. दूध नको, दही नको, तूप तर नकोच. वडील गेल्यापासून ती एकटी राहते, आणि सांगितलेली गोष्ट जरा जास्तच मनावर घेते. सकाळचं सगळं दूध तिनं डेअरीला घालून टाकलं होतं. घरात थेंबही नको, जवायाले वास यायचा. शेजारणीला निरोप, दही पाठवू नको. वरणाला तिची फोडणी कायम तुपाची, म्हणून फोडणीच दिली नाही. आम्ही पोचलो तेव्हा चुलीवर पातेलंभर कोरा चहा होता आणि शेजारी फिक्कं वरण. नवऱ्याची नेमकी मीटिंग सुरू झाली. तो ओसरीवर भिंतीला टेकून, कानात यंत्र घालून, मान खाली घालून ऐकत बसला. मी चूळ भरायला मागे गेले.

शेजारची मोठी माय, म्हणजे माझ्या चुलत काकांची बायको, विळा मागायला आली आणि दारातूनच परत गेली. तेव्हा मला काही वाटलं नाही.

थोड्या वेळानं अंगणात चपलांचा आवाज आला. बघते तर गल्लीतल्या बायका डोक्यावरून पदर घेऊन आत येताहेत. कुणी बोलत नाही. एकेक जण भिंतीच्या कडेनं खाली बसली. मागून धोतर-टोपीतली म्हातारी माणसं आली आणि ओसरीवर नवऱ्याच्या दोन्ही बाजूंना बसली. मोठ्या मायनं माझा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोन गेलं वं माय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे सुतकाच्या घरात दूध तापत नाही. चहा कोरा, वरण फिक्कं, फोडणीचा वास येत नाही. त्यात लेक-जावई भर कामाच्या दिवशी आलेले, जावई मान खाली घालून गप्प बसलेला. मोठ्या मायनं जे पाहिलं त्याचा दुसरा अर्थ गावात निघालाच नसता. गल्ली दुखवट्याला बसायला आली होती.

मला हसू दाबता येईना. तशीच पदरात तोंड लपवून स्वयंपाकघरात पळाले, तर बायकांना वाटलं हुंदका आला. म्हटलं, आता बाहेर जाऊन सांगते, नवराही हसेल, सगळं गाव हसेल, आणि कदाचित ह्या हसण्यातूनच काहीतरी सुटेल. मी दारापर्यंत गेले.

ओसरीवर चुलत काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. त्यानं कानातलं यंत्र काढलं. काका म्हणाले, "जवाईबुवा, आपल्या हातात काईच नसते. गेलं ते गेलं. रडून घ्या."

आणि तो रडला. माझा नवरा, ज्याच्या डोळ्यांत मी लग्नापासून कधी पाणी पाहिलं नाही, तो त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर कपाळ टेकून, तोंड उघडं टाकून रडत होता. लॅपटॉपवर मीटिंगमधली माणसं आपापल्या चौकटीत बोलतच होती. कुणीतरी तो बंद केला.

मी पुढे व्हायला गेले, तर आईनं मनगट धरलं.

"राहू दे. बसू दे त्यायले."

"अवं माय, पन कोनीच गेलं नाही ना!"

"मले मालूम हाये," आई म्हणाली. "गाडीतून उतरल्यापासून तू बडबड करून राह्यली. एकदाबी तुह्यावर चिडला नाही तो. तवाच समजलं मले."

मी तिथेच, पिठाच्या डब्यावर बसले. बाहेर कोरा चहा फिरला. माणसांनी तो मुकाट्यानं घेतला, आणि नंतर आली तशी एकेक करून उठून गेली.

ऊन उतरल्यावर मी त्याला घराच्या मागे, संत्र्याच्या झाडांशी गाठलं. मला त्याचा राग आला होता, भयंकर राग. परक्या म्हाताऱ्यापुढे रडतोस, आणि मी काय मेले होते?

"का रडलास?"

"ते म्हणाले, गेलं ते गेलं. मला एकदम खरं वाटलं."

"माझ्यापुढे कधी रडला नाहीस."

"तू लगेच सावरायला धावतेस," तो म्हणाला. "ती माणसं नुसती बसली होती."

"मग मला सांगायचंस ना रे. मीही बसले असते."

त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी हलका दिसत होता, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं. त्याला काही वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं, भरपूर वाटत होतं, आणि ते सगळं तो आमच्या ओसरीवर रडून संपवून मोकळा झाला होता. मी ज्या घराच्या आशेवर त्याला इथवर आणलं, त्याच घरात ते झालं. आता ओरडायलाही काही उरलं नाही.

सकाळी ठरलं की मी आईजवळ थांबायचं आणि त्यानं पुढे जायचं. आईनं रात्रीच्या भाकऱ्या परत शेकल्या, जवसाची चटणी बांधून दिली, "तूप नाही लावलं हो" असं दोनदा सांगितलं. तो तिच्या पाया पडला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला तो जरा जास्त वेळ ठेवला.

ह्या घरातून निघताना तो दर वेळी उंबऱ्यात वळून आमच्या बोलीत म्हणायचा, "येतो बरं माय!" आणि आई म्हणायची, "या." बसायला गेलेल्या माणसानं मात्र निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. तो पुण्याचा असला तरी एवढं त्यालाही माहीत आहे.

तो उंबऱ्यात थांबला. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि काही न बोलता पायऱ्या उतरून गाडीत बसला. 'या' म्हणायला उघडलेलं आईचं तोंड तसंच राहिलं.