पेशंटचं काम

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात पेशंटचं काम करू लागलो. काम म्हणजे नाटकातलं काम. वैद्यकीय महाविद्यालयातून नवे डॉक्टर इथे काही आठवड्यांसाठी येतात. बरेचसे रीवा, सागर, ग्वाल्हेरकडचे, हिंदी बोलणारे. त्यांना इथल्या माणसांशी बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. गणपतीतल्या नाटकात त्यांनी मला पाहिलं होतं.

"सर, तुम्ही पेशंट व्हायचं," त्या म्हणाल्या. "खोटा. पण पोरांना घाम फुटला पाहिजे."

मला मिळालेली भूमिका अशी: बोरगावकडचा संत्र्याचा बागायतदार, शुगरचा पेशंट. डॉक्टरच्या गोळ्या सोडून जडीबुटीवाल्याची पूड घेतो आणि ते कुणाला सांगत नाही. एकेका डॉक्टरनं माझ्यासमोर बसायचं, बोलायचं, आणि ती पूड शोधून काढायची. बाकीच्यांनी मागे बसून बघायचं.

पहिल्या दिवशी एकालाही ती सापडली नाही. "बाबा, दवाई टाइम पे लेते हो?" असं विचारलं की मी "हाव" म्हणायचो आणि समोरचा पुढच्या प्रश्नाकडे वळायचा. मॅडमनी नंतर समजावलं, की इथला म्हातारा माणूस डॉक्टरच्या तोंडावर 'नाही' म्हणत नाही, ते त्याला उर्मटपणाचं वाटतं. 'हाव' म्हणजे तुमचं ऐकलं, एवढंच. कुणी 'जीव घाबरून राहिला' म्हटलं की ही मुलं भीती समजायची. आमच्याकडे छातीत कसंतरी झालं, मळमळलं, घाम सुटला, तरी जीवच घाबरतो.

शिकवलेलं अंगाशी यायचंही. झाडफुकीवर बोलणं झालं त्याच्या पुढच्याच वर्गात एका मुलानं बसल्याबसल्या विचारलं, "झाड-फूँक करवाते हो?" मी भूमिकेतच उठून उभा राहिलो. "मले अडाणी समजता काय, डॉक्टरसायेब?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

सागरची एक मुलगी होती. वर्गात फारसं बोलायची नाही. तिची पाळी आली तेव्हा तिनं खुर्ची माझ्या समोरून बाजूला ओढून घेतली आणि विचारलं, "घर में दवाई कौन देता है आपको?" मी म्हटलं, बायको देते. "और क्या-क्या देती हैं?" तिथून पुडीपर्यंत यायला तिला वेळ लागला नाही.

इथे माझ्या घरचं सांगायला हवं. मला ब्लड प्रेशरच्या गोळ्या बऱ्याच वर्षांपासून चालू होत्या. माझी मोठी बहीण सौंसरला राहते. तिला आम्ही बाई म्हणतो. भाऊजी जाऊन बराच काळ झाला. त्या हिवाळ्यात बाई बसनं आली ती अर्जुनाची साल घेऊन. "इंग्रजी गोळ्या गरम पडतेत," ती म्हणाली. "काढा पी, अन् त्या गोळ्या ठेव तिकडं." ती मोठी, एवढ्या लांबून आलेली. मी काढा प्यायला लागलो आणि गोळ्या कपाटात ठेवल्या. वर्गात मात्र माझं काम चालूच होतं.

एका सकाळी ते करता करता मला दरदरून घाम आला. समोर बसलेल्या मुलाचा चेहरा लांब गेल्यासारखा वाटला. मी म्हटलं, "जीव घाबरून राहिला."

"कब से, बाबा?" त्यानं विचारलं. मागे एकदोघं हसली. मी अधूनमधून पदरची वाक्यं घालायचो, हे त्यांना ठाऊक होतं.

सागरची मुलगी उठून पुढे आली आणि माझं मनगट धरलं. "सर, ये रोल में है क्या?"

"नाही," मी म्हटलं.

प्रेशर खूप वाढलं होतं. मला कॉटवर आडवं केलं, मोठे डॉक्टर आले, तपासण्या झाल्या. हृदय ठीक निघालं. दुपारी सगळं शांत झाल्यावर ती मुलगी पुन्हा खुर्ची ओढून बाजूला बसली. तिनं तोच प्रश्न विचारला. घरी औषध कोण देतं? हा प्रश्न कुठे जातो ते मी वर्गात पाहिलं होतं. मी सरळ सांगून टाकलं.

ती रागावली नाही. म्हणाली, "दीदी आ सकती हैं?"

"येईल. पण ऐकणार नाही."

"सुनना तो मुझे है, सर."

दुसऱ्या दिवशी बाई सौंसरच्या बसनं आली. दोघी खिडकीपाशी बसल्या. मी पलंगावर पडून, अडलं तिथे अर्थ सांगत होतो. मुलीनं साल कुठून आणता, किती उकळता, सगळं विचारलं. बाई खुलली. मग मुलगी म्हणाली, "पहले किसको दिया था ये?"

"कोनालेच नाई."

"तो भाई को क्यों?"

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, आता उठून जाईल. मग ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"आमच्या मालकाले नागपूरच्या डॉक्टरनं गोळ्या लावल्या. आठवडा झाला नसन. ते बगीच्यात पाणी देऊन राहिले होते. मी शिदोरी घेऊन गेली, तं झाडाच्या आळ्यात पडून होते. अंगाले हात लावला तं चटका बसे, एवढं गरम. त्या गोळ्याईनंच नेलं त्याईले." थोडं थांबून म्हणाली, "अन् मीच देत होती. रोज सकाळी, मायाच हातानं."

मी तेव्हा सौंसरला गेलो होतो. खांदाही दिला होता. भाऊजी हार्ट अटॅकनं गेले, एवढंच आम्ही सगळे धरून चाललो. त्यानंतर घरात जे बोलणं झालं ते बगीचा आता कोण पाहणार याचं. बाईला कुणी काही विचारलं नव्हतं.

मी हिंदीत अर्थ सांगितला. शेवटचं वाक्य सांगायला मला जड गेलं, पण मुलीला ते आधीच कळलं होतं. तिनं विचारलं, तेव्हा ऊन होतं का? बाई म्हणाली, हाव, वैशाख होता. मग मुलगी हळूहळू सांगत गेली, की उन्हात पडलेलं शरीर तापतं, त्याचा गोळ्यांशी संबंध नाही. "आपके हाथ से कुछ नहीं हुआ, दीदी."

"तू तवा कुठं होती?" बाई फटकन म्हणाली.

"नहीं थी. इसीलिए पूछ रही हूँ."

बाईनं डोळे पुसले नाहीत. ती रडलीच नव्हती. मुलीनं वाद वाढवला नाही. मोठ्या डॉक्टरांना विचारून आली आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "भाऊची गोळी बंद नाही करायची. काढा आता थांबवायचा."

"साल फेकू काय मंग?"

"नका फेकू. घरी ठेवा."

दोन दिवसांनी मला घरी सोडलं. बाईला बसस्टँडवर पोचवायला गेलो. बस लागली होती. पायरीवर पाय ठेवून ती म्हणाली, "घे तू गोळी. पण मी देनार नाई. तुयी बायको देईन."

मुलीची पोस्टिंग संपली, ती गेली. मॅडमना बाईच्या गोष्टीवरून नवी भूमिका लिहायची होती. मी बाईला फोनवर विचारलं. "ते खेळ करायची गोष्ट नोय," ती म्हणाली. मॅडमनी तो विचार सोडला. मी अजून शुगरच्या पेशंटचं काम करतो. नव्या मुलांपैकी एखादाच पुडीपर्यंत पोचतो.

बाईच्या मनातून गोळ्यांचा राग गेलेला नाही, पण ती भाऊजींबद्दल बोलते आता. मागच्या खेपेला सांगत होती, की ते कलमं बांधताना शिट्टी वाजवायचे, आणि सासूबाई बगीच्यात आल्या की एकदम बंद करायचे. सांगता सांगता तिला हसू आलं. भाऊजींना शिट्टी येत होती, हे मला माहीत नव्हतं.