फलाटावरचे फेरे

बदनापूरच्या फलाटावर जालन्याच्या गाडीची वाट पाहताना एक दुकानदार मला रोज सकाळी फेरे मारताना दिसायचे. रुळांलगतच त्यांचं मोटार-पाइपांचं दुकान होतं. पांढरे कॅनव्हासचे बूट, कानाला मफलर आणि चाल अशी, की जणू गाडी सुटतेय.

न थांबताच बोलायचे, “सर, तुम्हीबी फिरत जा. आधी दुपारी गल्ल्यावर डुलक्या यायच्या. आता दिवसभर उभा राह्यतो, पण थकवा बिलकुल न्हाई.”

खरंच होतं ते. ट्रकमधला माल हमालांबरोबर स्वतः उतरवून घ्यायचे.

फिरायला डॉक्टरांनी खरं तर त्यांच्या बायकोला सांगितलं होतं. हे सोबतीला म्हणून आले. ती लगेच दमायची आणि कडुनिंबाखालच्या बाकावर बसायची. बाकाजवळून जाताना हे म्हणायचे, “ऊठ, चल बरं जल्दी. दुकान उघडायचंय.” ती उठेपर्यंत हे फलाटाच्या टोकाला पोचलेले असायचे.

दिवाळीआधी ती वारली. तेरावं झाल्यावर ते पुन्हा आले. तेच बूट, तीच चाल. त्या बाकावर तेव्हा मी बसलो होतो. समोर पाहतच ते म्हणाले, “ऊठ, चल बरं जल्दी.”

मी उठून उभा राहिलो. ते पुढे जाऊन थबकले. पण मागे न वळता त्यांनी मफलर घट्ट केला आणि पाय उचलला.

माझी गाडी निघाली तेव्हा त्यांच्या दुकानाचं शटर वर गेलेलं होतं. इतक्या सकाळी गिऱ्हाईक कुठलं? ते एकटेच या भिंतीचे पाइप उचलून त्या भिंतीला नेऊन लावत होते.